आठ दिवसांचं प्रायश्चित्त

मामा चार वाजता येणार होता आणि आईने ही गोष्ट अजून घरात कोणालाच सांगितली नव्हती.

सांगायची म्हणून तर तिने रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे देवळातल्या उपासनेनंतर, तिन्ही मुलांना जेवायला बोलावलं होतं. धाकटा कुठल्याशा इमारतीत पंपाची मोटर दुरुस्त करायला गेला होता, तो मागून येणार होता. बाकीची मंडळी जमून बराच वेळ झाला, पातेलं दोनदा गरम करून झालं, तरी बाईचा पाय काही एका ठिकाणी ठरेना. बसली की उठायची, उठली की मीठ आणते म्हणून जायची आणि रिकाम्या हाताने परत यायची. शेवटी मधली म्हणाली, "आई, खुर्चीत काय टाचण्या ठेवल्यात का गं? बस की जरा." मधली म्हणजे मुलगी, इस्पितळात नर्स. जन्मभर लोकांना बसा, झोपा, हात पुढे करा असं सांगून सांगून तिला घरातही तसंच बोलायची सवय लागली होती.

आई बसली आणि लगेच उठली. "आलेच," म्हणाली आणि मागच्या कारखान्यात गेली.

कारखाना म्हणजे फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, एवढंच. पण ह्या दोन खोल्यांतून आसपासच्या सगळ्या चर्चना मिस्सेची भाकर जायची, तीही आईच्या सासऱ्यांच्या काळापासून. नुसतं पीठ आणि पाणी. मीठ नाही, साखर नाही, खमीर तर नाहीच नाही. ते पातळ पीठ दोन तापलेल्या तव्यांमध्ये दाबलं की कागदासारखा पांढरा पापुद्रा निघतो. तो लगेच कापायला गेलं तर हातात चुरा येतो. म्हणून रात्रभर दुसऱ्या खोलीत ओल्या फडक्यांच्या गारव्यात ठेवायचा आणि मऊ पडला की साच्याने गोल चकत्या पाडायच्या. वेदीवर फादरांनी हात पसरून शब्द उच्चारेपर्यंत ती चकती, त्यानंतर ते ख्रिस्ताचं शरीर. ह्या घरातली पोरं चुऱ्याच्या पिशवीत हात घालून लहानाची मोठी झाली, पण देवळात जिभेवर चकती पडली की डोळे मिटून गप्प व्हायची. आईची शिस्तच तशी होती.

रविवारी कारखान्याला कुलूप असतं. आज आईने ते उघडलं, ओल्या खोलीत जाऊन उगाच एका पापुद्र्याचा कोपरा वाकवून पाहिला, फडकी सारखी केली, आणि स्वतःलाच दटावलं की बाई, आता सांगून टाक एकदाचं.

परत आली ती दारातूनच बोलली. "सोन्या येतोय. राहायला. चार वाजता बिशपांचे सेक्रेटरी गाडीने आणून सोडतायत. मी हो म्हटलंय."

सोन्या म्हणजे तिचा भाऊ. वय वर्षं बहात्तर. जगाला तो फादर, ह्या पोरांना फादरमामा, पण आईला सोन्याच, कारण त्यांची आई लवकर गेली आणि ह्या आठ वर्षांच्या पोरीने त्याला कडेवर वागवून मोठा केला. दोन आठवड्यांपूर्वी पन्नाशीचा एक माणूस बिशपांसमोर जाऊन बसला होता. आपण लहान असताना वेदीवर सेवा करायला जायचो, तेव्हा ह्या फादरांनी आपल्यावर अत्याचार केले, असं त्याने सांगितलं. एकदा नाही, पुष्कळदा. बिशपांनी चौकशी लावली, फादरांना चर्चमधून बाजूला केलं आणि निकाल लागेपर्यंत नातेवाइकांकडे राहा म्हणाले. बातमी सगळीकडे झाली होती. ह्या घरात मात्र दोन आठवडे त्यावर कोणी चकार शब्द काढला नव्हता. जपमाळेच्या वेळी आई मोठ्याने मामासाठी एक जास्तीची प्रार्थना म्हणायची आणि बाकीचे मुकाट्याने आमेन म्हणायचे.

थोरल्याने मान डोलावली. त्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं आणि तो चर्चच्या कमिटीचा चिटणीस होता, त्यामुळे कुठल्याही विषयावर आपलं मत आधी सांगणं हे तो कर्तव्य समजायचा. आईने फार बरं केलं, असं त्याचं म्हणणं पडलं. चौकशी म्हणजे काही शिक्षा नव्हे. आपल्या माणसाला आपण नाही घ्यायचं तर कोणी घ्यायचं? उद्या निर्दोष ठरल्यावर कुठल्या तोंडाने त्याच्यासमोर उभे राहणार आहोत? मधली आपली औषधपाण्यावर आली. मामाला साखरेचा त्रास आहे, इंजेक्शनं वेळच्या वेळी हवीत, सकाळी कामावर जाताना मी टोचून जाईन, संध्याकाळचं कोणीतरी शिकून घ्या. आईला हायसं वाटलं. निम्मी लढाई तर जिंकली, असं तिला वाटलं.

धाकटी सून भांड्यावर झाकण ठेवत होती. लग्नाच्या आधी बाप्तिस्मा घेऊन ह्या घरात आलेली, दिवसभर आईच्या बरोबरीने तव्यांसमोर उभी राहणारी, कामाला वाघ आणि तोंडाला मोजकी. ती म्हणाली, "वरची खोली देणार का त्यांना?"

वरची एकच खोली रिकामी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"त्या खोलीला लागून माझी मुलगी झोपते," सून म्हणाली.

मुलगी नऊ वर्षांची. आज ती मैत्रिणीकडे वाढदिवसाला गेली होती. आईला सुनेचा रागच आला. रक्ताच्या माणसाबद्दल परक्यासारखं बोलते म्हणजे काय. पण तिने काही म्हणायच्या आतच थोरला पचकला. तो म्हणाला, तक्रार आहे ती मुलाची आहे, समजा अगदी वाईटात वाईट खरं धरलं तरी मुलीला त्यात काय भीती?

मधलीने हातातला चमचा खाली ठेवला. "दादा, तू काय बोललास ते तुझ्या कानांवर पडलं का?"

थोरल्याचे कान लाल झाले. मग तो सैतानावर घसरला. सैतान सगळ्यात आधी फादरांच्याच मागे लागतो, मेंढपाळ पाडला की कळप आपोआप विखुरतो, हे आत्ताच्या प्रवचनातच नाही का सांगितलं, वगैरे. मधली म्हणाली, सैतानाला कशाला मध्ये ओढतोस, तो बिचारा आपल्या जागी सुखी आहे. "माझ्या वॉर्डात येतात तसली पोरं. आणि ज्यांनी त्यांचं वाटोळं केलेलं असतं ना, ते भेटायला येतात. खाऊ घेऊन येतात, केसांवरून हात फिरवतात. पहिल्यांदा मलाही वाटलं होतं, किती जीव आहे ह्या काकांचा."

आईला हे ऐकवेना. ती पुन्हा उठली, पाण्याचा जग भरलेलाच होता तो पुन्हा भरून आणला. वाईट माणूस आपल्याला कळत नाही म्हणजे काय? ऐंशी वर्षं काय डोळे मिटून काढली? ज्याला भरवलं, ज्याचं नाक पुसलं, त्याच्या मनात एवढं काळं असतं तर एकदा तरी दिसलं असतं. "तुमचे बाबा गेले तेव्हा रात्रभर त्यांचा हात धरून कोण बसलं होतं?" ती म्हणाली. "मला तर बघवत नव्हतं. डोळे कोणी मिटवले त्यांचे?"

ते खरं होतं. मामाने ती रात्र खरंच बसून काढली होती.

गप्प बसलेल्या माणसांना बघून आईला जोर चढला आणि तिने शेवटचा हुकमी एक्का काढला, म्हणजे धाकट्याची गोष्ट. ती गोष्ट ह्या घरात इतक्यांदा सांगून झाली होती की पोरं तिचे शब्दसुद्धा आधीच म्हणायची. धाकटा दहा वर्षांचा होता. आईने त्याचा रविवारचा शर्ट धुवायला घेतला तर खिशात चकती. आपल्या हातची चकती तिला काय कळायची नाही? पण ही कारखान्यातली नव्हती. एका कडेने विरघळलेली होती. म्हणजे कार्ट्याने देवळात तोंडात घेतली आणि बाहेर काढून खिशात कोंबली. ख्रिस्ताचं शरीर, आणि ते ह्या घरातल्या पोराने! आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्याला तसाच दंडाला धरला आणि सरळ भावाकडे, चर्चच्या बंगल्यावर नेऊन कन्फेशनला, पापं कबूल करायला, बसवला. वर भावाला सांगितलं, ह्याला आठ दिवस इथेच ठेव, सेवा करू दे, प्रायश्चित्त होऊ दे. आठ दिवसांनी पोर परत आलं ते असं शांत होऊन आलं की विचारू नका. पुन्हा म्हणून कधी उलट उत्तर दिलं नाही.

"सोन्या वाईट असता तर माझं पोर असं सुधारलं असतं का?" आईने विचारलं.

इतर वेळी ह्या ठिकाणी हसायचं असायचं. आज कोणी हसलं नाही. सून टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आई, ही गोष्ट आता परत सांगू नका," ती म्हणाली. "ते घरी यायच्या आत एकदा स्वतःलाच विचारा. दहा वर्षांचं पोर तोंडातला देव बाहेर का काढतं?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न तिने ना त्या दिवशी विचारला होता, ना पुढच्या बत्तीस वर्षांत. तिने चकतीकडे पाहिलं होतं. पोराकडे पाहायचं राहून गेलं होतं.

तेवढ्यात जिन्याखाली हत्यारांची पिशवी आदळली आणि धाकटा आत आला. चेहऱ्यावर मोटरीचं काळं, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. बायकोकडे पाहून थांबला.

"मी काही सांगितलेलं नाही," ती त्याला म्हणाली. "पण ते चार वाजता राहायला येतायत."

तो बेसिनपाशी गेला, नळ सोडला आणि हात धुवायला लागला. धुतोय, धुतोय, काळं केव्हाच निघून गेलं तरी धुतोय. आई त्याच्या पाठीकडे बघत होती. हा पोरगा देवळात कधी आत बसत नाही, दारात उभा राहतो. ह्याला बंद दाराची खोली चालत नाही. लग्नाच्या दिवशी मामाने मिस्सा म्हणायची ठरली होती तेव्हा ह्याने हट्टाने दुसरे फादर आणले होते, आणि आई त्याच्याशी महिनाभर बोलली नव्हती. हे सगळं तिला आजवर वेगवेगळं माहीत होतं. आता ते एकमेकांजवळ सरकायला लागलं.

"तुला काय सांगायचंय का मला?" तिने विचारलं.

धाकट्याने नळ बंद केला, पण वळला नाही. भिंतीकडे तोंड करूनच बोलला. कुठल्या वायरीत बिघाड आहे हे गिऱ्हाइकाला समजावून सांगावं तशा आवाजात त्याने सांगितलं की तो शर्ट सापडायच्या आधी वर्षभर ते चालू होतं. मिस्सेनंतर, देवळाच्या मागच्या खोलीत. काय ते मी सांगत बसत नाही, तुम्ही सगळे मोठे आहात. मामाच धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवायचा की मोठं पाप माथ्यावर असताना देव जिभेवर घेतला तर ते त्याहून मोठं पाप. घ्यायचा नाही म्हटलं तर आई बाकावरून बघणार, घरी विचारणार. मग घ्यायचा आणि काढायचा.

"मला नरकाची भीती नव्हती गं," तो म्हणाला. "मला वाटायचं, मी गिळली तर देवच घाण होईल."

मधलीने तोंडावर हात घेतला.

"आणि मग तू मला तिथेच नेलंस."

आईच्या तोंडून शब्द फुटले ते चुकीचेच फुटले. "मला सांगायचं नाहीस का रे?"

आता तो वळला. "सांगितलं होतं. रस्त्यात सांगितलं. म्हटलं, मला तिकडे नको नेऊस. तू म्हणालीस, पाप केलेल्यालाच कन्फेशनची भीती वाटते." तो थांबला. "तू बाहेर बाकावर होतीस. बंगल्यातल्या स्वयंपाकीणबाईंशी बोलत होतीस, ह्या खेपेचं पीठ चिकट आलंय म्हणून. मला आत सगळं ऐकू येत होतं."

थोरला खुर्ची मागे सारून उभा राहिला. मलाही सेवेला पाठवायचे, मला तर कधी काही केलं नाही, असं काहीतरी तो बोलू लागला. त्याला धाकट्याला खोटं पाडायचं नव्हतं, त्याला फक्त समजत नव्हतं. धाकट्याने मान हलवली. "माहितीय. माझ्याऐवजी तू जा म्हणून मी तुला माझी सायकल देत होतो. कायमची. तू हसलास." थोरल्याला ते आठवलं असावं, कारण तो पुन्हा खाली बसला आणि त्याचे खांदे पडले. चिटणीसपणाचा सगळा तोरा उतरला. जरा वेळाने अगदी बारीक आवाजात तो म्हणाला, पण आता गाडी तर निघाली असेल, बिशपांना शब्द दिलाय. मधली तोवर फोन लावत होती. सेक्रेटरी फोन उचलत नव्हते. सून नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, त्याला हात लावला नाही, नुसती उभी राहिली.

आई उठली आणि कारखान्यात गेली. ह्या वेळी तिला कोणी थांबवलं नाही.

ओल्या खोलीत मांडण्यांवर उद्याचे पापुद्रे लागले होते. गेली पन्नास-साठ वर्षं तिने ह्याच खोलीत देवाशी गप्पा मारल्या होत्या. चर्चची शिकवण तिला तोंडपाठ होती: फादरांचे हात कसेही असोत, त्या हातांत भाकर बदलते, कारण बदलणारा देव आहे. कोणी फादर दारू पितो, कोणी तापट आहे, तेव्हा ह्या शिकवणीचा तिला मोठा आधार वाटायचा. आज तोच आधार उलटून अंगावर आला. म्हणजे सोन्याच्या हातातही भाकर बदलत होती. म्हणजे देव रोज सकाळी त्या देवळात यायचा, हिनेच भाजलेल्या चकतीतून यायचा, आणि मागची खोली चार पावलांवर होती. मग त्याने काय केलं? बघत बसला? आईला देवाचा राग यायला लागला आणि रागाची तिला सवय नव्हती. ती एका मांडणीपासून दुसरीपर्यंत, दुसरीपासून पहिलीपर्यंत अशी येरझाऱ्या घालत राहिली. पापुद्रे सरळ होते ते वाकडे केले, वाकडे केलेले सरळ केले.

धाकटा दारात येऊन उभा राहिला. दार त्याने सताड उघडं ठेवलं.

"देव कुठे होता रे तेव्हा?" आईने विचारलं. थोरल्याला हा प्रश्न विचारला असता तर अर्धा तास उत्तर मिळालं असतं.

"ते मला नको विचारूस," धाकटा म्हणाला. "तो तुमचा प्रश्न आहे. मी देवावर फारसा चिडलोच नाही. मी तुझ्यावर चिडलो. तू हाकेवर होतीस."

ती मांडणीला धरून उभी राहिली. माफ कर म्हणावं असं तिच्या ओठांवर आलं, पण हा शब्द आत्ता काढला तर पोराला पुन्हा काहीतरी द्यावं लागेल, हे तिला कळलं. तिने तो गिळला. "तुला काय हवंय ते सांग," ती म्हणाली.

"त्याने ह्या घरात पाऊल ठेवायचं नाही. बाकी तू त्याला भेट, त्याच्यासाठी प्रार्थना कर, तुझा भाऊ आहे. पण ह्या घरात नाही. आणि मला तो आज दिसायला नकोय. मी इथेच थांबतो."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

मुलं उठायला लागली तशी आईने हातानेच सगळ्यांना बसवलं आणि एकटी बाहेर गेली. पांढरी गाडी फाटकापाशी उभी होती. चाकामागे बिशपांचे सेक्रेटरी, तरुण फादर, घाईत असलेले. मागच्या सीटवर मामा. मांडीवर पिशवी, अंगात साधा शर्ट. काळ्या झग्याशिवाय तो कितीतरी लहान दिसत होता. शर्टाचं बटण एक घर चुकून लावलं होतं. आईचा हात आपोआप खिडकीतून त्या बटणाकडे गेला आणि मध्येच थांबला. ऐंशी वर्षांच्या बाईला आपलाच हात मागे घ्यायला किती कष्ट पडतात, ते तिला त्या दुपारी कळलं.

"ताई," मामा हसून म्हणाला, "वरचीच खोली ना? जिना जमेल मला हळूहळू."

"सोन्या, माझ्या पोराला तू हात लावलास का?"

मामाने आधी सेक्रेटरीच्या मानेकडे पाहिलं. मग पिशवीकडे. "अगं, हे असं रस्त्यात..."

"रस्त्यातच सांग."

आई देवाला विनवत होती की नाही म्हणू दे, खोटं म्हणाला तरी चालेल, मी निदान भांडेन तरी. पण मामा खोटं बोलला नाही. त्याने तिचा, खिडकीवर ठेवलेला, हात धरला. "ते तेव्हाच मिटलंय, ताई," तो हळू, समजुतीच्या आवाजात म्हणाला. हाच आवाज त्याने मरणाऱ्या मेव्हण्याच्या उशाशी लावला होता. "मी दुसऱ्या फादरांकडे कन्फेशन केलं. त्याचंही मी तिथल्या तिथे करून घेतलं होतं. त्याला मी पापक्षमा दिली होती गं, देवाशपथ. काही मागे ठेवलं नाही."

"त्याला?" आई म्हणाली. "त्याचं काय पाप होतं?"

मामा तिच्याकडे बघत राहिला. हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता, हे तिला त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसलं. तिला वाटत होतं तसं काही काळंबेरं तिथे नव्हतं. होता तो तिचा सोन्याच, आणि त्याला कळत नव्हतं.

तिने हात सोडवून घेतला. "फादर, गाडी वळवा," ती सेक्रेटरींना म्हणाली. ते गडबडले. बिशपांनी तर इथेच सोडायला सांगितलंय, आता ह्या वेळी ह्यांना न्यायचं कुठे, असं चाचरत म्हणाले. आई म्हणाली, बिशपांच्या घराला पुष्कळ खोल्या आहेत. "आणि तुम्ही आत्ता जे ऐकलंत ते ऐकलंत. कोणी विचारलं तर नीट सांगायचं. विचारायला कोण येईल, मी का पोलीस, ते माझा मुलगा ठरवेल."

"ताई, मी जाऊ कुठे?" मामा म्हणाला. लहानपणी तो अंधाराला भ्यायचा तेव्हाही असंच 'ताई' म्हणायचा. आईचं काळीज तुटलं, खोटं कशाला सांगायचं. पण ती फाटकाच्या आत आली, कडी घातली आणि गाडी वळून कोपऱ्याआड जाईपर्यंत तिथेच उभी राहिली, कारण तो मध्येच उतरला असता तर अडवायला दुसरं कोणी नव्हतं.

घरात शिरताना थोरल्याने काहीतरी विचारलं, ते तिने ऐकलं नाही. ती सरळ मागे गेली. धाकटा पिठाच्या पोत्यावर बसला होता, गुडघ्यांवर कोपरं टेकून.

"गेला?"

"गेला."

"नाही म्हणाला असेल."

"नाही," आई म्हणाली. "कबूल झाला."

धाकटा पोत्यावर सावरून बसला. हे त्याने धरलंच नव्हतं. कोणी विश्वास ठेवणार नाही ह्याची तयारी करण्यात त्याची सगळी वर्षं गेली होती, आणि आता त्या तयारीचं काय करावं ते त्याला सुचेना.

आईला वाटलं, पुढचं सांगू नये. मग वाटलं, लपवालपवी आता पुरे. "म्हणाला, तुला पापक्षमा दिली होती."

"हो," धाकटा म्हणाला. "दर वेळी द्यायचा."

आई त्याच्यासमोर खाली पिठाळ फरशीवर बसली. गुडघे कुरकुरले. जन्मात तिने कोणाच्या पापाबद्दल स्वतःच्या अधिकारात एक अक्षर काढलं नव्हतं. ते फादरांचं काम. आपण भाकर भाजायची, रांगेत उभं राहायचं आणि सांगतील तेवढ्या प्रार्थना म्हणायच्या.

"तुझं पापच नव्हतं रे," ती म्हणाली. "क्षमा कसली द्यायची? तुझं काही पापच नव्हतं."

बेचाळीस वर्षांचा, केस पिकायला लागलेला तो गडी, देवाधर्माचं नाव काढलं की खांदे उडवणारा, आईकडे बघायला लागला.

"नक्की ना?" त्याने विचारलं.

"नक्की."

"परत सांग."

आईने परत सांगितलं.